तुंब्यातलं दूध

मसाई बाई दूध काढण्याआधी तुंबा तयार करते. वाळवून कोरलेल्या भोपळ्याचं हे लांबट भांडं. रानऑलिव्हच्या लाकडाचे निखारे ती त्यात टाकते, तोंड झाकून भांडं हलवते आणि राख झटकते. धुरी दिलेल्या तुंब्यात दूध लवकर नासत नाही, त्याला धुराचा वास लागतो आणि ते तिथेच आंबतं. केनिया-टांझानियाच्या माळांवरच्या या समाजात घरही बाईच बांधते: काटक्या, माती आणि शेणाने लिंपलेलं.

एन्काई देवाने जगातली सगळी गुरं आपल्यालाच दिली, अशी मसाईंची श्रद्धा. अशी गुरं रोज कोण कापणार? म्हणून परंपरेने रोजचा आधार दुधाचा. कधी गाईच्या मानेला दोरी आवळून फुगलेल्या शिरेत आखूड टोकाचा बाण मारतात, थोडं रक्त धरून दुधात मिसळतात. जखम शेणाने बुजवली की गाय पुन्हा चरायला मोकळी.

एवढं दूध पचतं कसं? दुधातली साखर फोडणारं लॅक्टेज हे विकर बहुतेक माणसांत लहानपणानंतर घटतं. २००७ साली सारा टिशकॉफ यांच्या गटाने पूर्व आफ्रिकेच्या पशुपालकांत ते टिकवणारा जनुकीय बदल शोधला. तो गेल्या सात-एक हजार वर्षांतला, आणि युरोपातल्या बदलाहून स्वतंत्रपणे घडलेला. भारतात सर्रास आढळतो तो मात्र युरोपातलाच बदल. गुरं पाळण्याच्या रीतीने माणसाचं शरीरच बदललं, याहून स्वच्छ उदाहरण मला माहीत नाही.

१९६४ साली अमेरिकी संशोधक जॉर्ज मान यांनी टांगानिकातल्या (आजच्या टांझानियातल्या) मसाई पुरुषांची तपासणी प्रसिद्ध केली. आहारात एवढी चरबी, तरी रक्तात कोलेस्टेरॉल कमी, हृदयविकाराच्या खुणाही नगण्य. १९७२ साली त्यांनीच ५० मसाई पुरुषांच्या शवविच्छेदनाचे निष्कर्ष दिले. धमन्यांत थर साचले होते, पण धमन्याच रुंदावल्या होत्या. मान यांनी याचं श्रेय गुरांमागच्या रोजच्या पायपिटीला दिलं.

मला मात्र मसाईंच्या मांसाच्या रश्श्याकडेही बघावंसं वाटतं. त्यात झाडांच्या साली उकळतात. त्यातल्या काही द्रव्यांमुळे कोलेस्टेरॉल कमी शोषलं जात असावं, असं काही संशोधक मानतात. त्या झाडांपैकी एकाला मसाई ओकिलोरिती म्हणतात. आपण त्याच झाडाच्या काडीने दात घासत आलो: बाभूळ.