मसाविपासून कॅटेगरी थिअरीकडे

सॅम्युएल आयलेनबर्ग आणि सॉन्डर्स मॅक लेन यांनी १९४५ मध्ये कॅटेगरी थिअरी मांडली ती टोपॉलॉजीतील, म्हणजे ताणले-वाकवले तरी न बदलणाऱ्या आकारगुणांच्या गणितातील, प्रश्नांच्या निमित्ताने. त्यामुळे तिची नेहमीची उदाहरणे विद्यार्थ्याला बरेच उच्च गणित येते असे गृहीत धरतात. गोव्यातील बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षासाठी ती उदाहरणे, माझ्या मते, चुकीच्या टोकाने सुरुवात करतात.

कॅटेगरीत वस्तू असतात आणि त्यांच्यामध्ये बाण असतात. पणजी, रायबंदर, चोडण या वस्तू मानल्या, तर प्रवास हे बाण: पणजीहून बसने रायबंदर आणि तिथून फेरीबोटीने चोडण, हे दोन बाण जोडून तिसरा मिळतो. जोडणीला साहचर्याचा नियम लागू असतो (तीन बाण जोडताना आधी कोणते दोन जोडले याने फरक पडत नाही), आणि आहे तिथेच थांबणे हाही एक बाणच. पणजीहून बेतीला फेरीबोटीने जाणे आणि पुलावरून जाणे हे मात्र दोन वेगळे बाण होत.

आता ०, १, २, ३ अशा संख्या घ्या आणि अ ने ब ला निःशेष भाग जात असेल, म्हणजे अ ला एखाद्या संख्येने गुणून ब मिळत असेल, तरच अ पासून ब कडे एक बाण काढा. १२ आणि १८ या दोहोंकडे बाण जाणाऱ्या संख्या १, २, ३ आणि ६. त्या सर्वांपासून ६ कडे बाण जातो, म्हणून ६ हा मसावि. या व्याख्येत ‘सर्वांत मोठा’ हे शब्द कुठेच येत नाहीत, आणि त्याचा लाभ ० व ० यांच्या बाबतीत दिसतो: प्रत्येक संख्या शून्याची विभाजक असल्याने सर्वांत मोठा साधारण विभाजक नाही, परंतु बाणांच्या व्याख्येने उत्तर निःसंदिग्धपणे ० येते. सर्व बाण उलटे केले की लसावि मिळतो.

वस्तू म्हणून संच आणि बाण म्हणून फलने (एका संचाच्या प्रत्येक घटकाला दुसऱ्या संचाचा एकेक घटक देणारे नियम) घेतली, तर मसाविच्याच व्याख्येतून अ × ब हा जोड्यांचा संच निघतो, फक्त बाण अनेक असल्याने अट थोडी कडक करावी लागते: ज्या संचापासून अ आणि ब कडे फलने जातात, त्यापासून त्या फलनांशी जुळणारे नेमके एकच फलन अ × ब कडे जावे. ही अट ब × अ हा संचही पाळतो. दोन्ही संच सामान्यतः भिन्न असले, तरी त्यांच्यापासून अ आणि ब कडे जाणाऱ्या फलनांशी जुळणारे एकच फलन त्यांना एकमेकांत बदलते, आणि कॅटेगरी थिअरीला तेवढे पुरते.