कील बोल्ट : तपासणी आणि देखभाल

शिडाच्या नौकेला कलंडू न देणारे तळाचे शिशाचे किंवा बिडाचे वजन म्हणजे कील. ते ज्या बोल्टांनी नौकेला आवळलेले असते, ते कील बोल्ट. त्यांचे नट केबिनच्या फळ्या उचलल्या की बिल्जमध्ये, म्हणजे नौकेच्या आतल्या सर्वांत खालच्या पोकळीत, दिसतात. बोल्ट खराब होतो तो मात्र बहुधा खाली, नौकेचा तळ आणि कील यांच्या सांध्यात.

स्टेनलेस स्टीलचे रक्षण करणारा क्रोमियम ऑक्साइडचा थर टिकायला ऑक्सिजन लागतो. सांधा बुजवणारा लेप (सीलंट) सुटून सांध्यात खारे पाणी साचून राहिले की तिथला ऑक्सिजन संपतो, मिठातले क्लोराइड थराला भेदते आणि बोल्ट तेवढ्याच जागी बारीक होत जातो. वरचा नट तेव्हाही चकचकीत असू शकतो, म्हणून नुसता नट पाहून केलेली तपासणी अपुरीच.

मे २०१४ मध्ये ‘चीकी राफिकी’ ही ब्रिटिश नौका अँटिग्वाहून साउथॅम्प्टनला परतताना उत्तर अटलांटिकमध्ये कील निखळून उलटली. चौघे खलाशी गेले. ब्रिटनच्या सागरी अपघात तपास यंत्रणेच्या मते, आधी उथळ पाण्यात तळ जमिनीला घासल्यामुळे आणि नंतरच्या दुरुस्त्यांमुळे कील जोडलेला भाग कमकुवत झाला असावा. नौका कुठे, किती जोरात घासली याची प्रामाणिक नोंद ठेवणे म्हणूनच कोणत्याही उपकरणाइतके मोलाचे आहे. कीलचे टोक खडकावर आदळले की तिची मागची कड तळात वर घुसते. तळाला आतून आधार देणाऱ्या आडव्या पट्ट्यांना तडे जातात, त्या तळापासून सुटतात. बोल्ट शाबूत आणि आधार मोडलेला, असेही घडते. लांब पल्ल्याच्या शर्यतींसाठी वर्ल्ड सेलिंग या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या नियमांत तळाची तपासणी २४ महिन्यांच्या आतली, आणि तळ घासल्यास त्यानंतरची, असावी लागते.

नौका क्रेनच्या पट्ट्यांवर असताना सांधा पाहावा. लटकत्या कीलमुळे फट उघडून ती टेकताच मिटत असेल, तर जोड सैल आहे. बिल्जमध्ये गंजाचे ओघळ, सांध्यातून ठिबकणारे तांबूस पाणी, नटाखालच्या वॉशरभोवती बारीक तडे हीही लक्षणे. नट उत्पादकाने दिलेल्या टॉर्कनेच (पिळाच्या जोरानेच) आवळावेत. नुसताच फिरत राहणारा नट म्हणजे आटे गेले आहेत किंवा बोल्ट तुटला आहे. अल्ट्रासाउंडने तुटलेला बोल्ट सापडतो, थोडा झिजलेला निसटू शकतो. शंका राहिली तर एक बोल्ट काढून पाहणे किंवा कील उतरवणे हाच खात्रीचा मार्ग.

बिडाच्या कीलमधले बोल्ट बहुधा एकेक करून काढता येतात. शिशात ओतलेले, खाली वाकवलेले बोल्ट निघत नाहीत; तिथे शेजारी नवे बोल्ट बसवतात किंवा बाजूने शिसे कोरून जुन्यापर्यंत पोचतात.