चेक, व्हिएतनामी आणि वेल्शमधला ‘तो’ : दोन अक्षरांची पार्श्वभूमी

रोमन लिपीतली टी आणि ओ ही दोन अक्षरं शेजारी लिहिली, की तीन दूरच्या भाषांत रोजच्या वापरातला एकेक शब्द तयार होतो. चेकमध्ये ‘ते’, व्हिएतनामीत ‘मोठा’ आणि वेल्शमध्ये ‘छप्पर’. या तिघांचं आपसात काही नातं नाही. आपल्या भाषांशी मात्र तिघांचाही कुठे ना कुठे धागा जुळतो.

चेकचा ‘तो’ मराठी माणसाला लगेच ओळखीचा वाटेल. तिथे ‘तेन, ता, तो’, आपल्याकडे ‘तो, ती, ते’. फरक लिंगाचा. चेकमधला ‘तो’ नपुंसकलिंगी आहे. संस्कृत ‘तद्’, ग्रीक ‘तो’, इंग्रजी ‘दॅट’ हे सगळे त्याच प्राचीन इंडो-युरोपीय सर्वनामाचे वंशज.

वेल्शही त्याच भाषाकुळातली, पण तिचा ‘तो’ वेगळ्या मुळातून उगवला. ते मूळ ‘झाकणे’ या अर्थाचं. त्यातूनच लॅटिनमध्ये ‘झाकतो’ या अर्थाचं ‘तेगो’ आलं आणि इंग्रजीत गवताने शाकारलेल्या छपराचं ‘थॅच’. झाकणे, लपवणे या अर्थाचा संस्कृत ‘स्थग्’ धातूही बरेच अभ्यासक याच कुळात धरतात. मराठीतले ‘स्थगित’ आणि ‘ठग’ त्या धातूकडे जातात. म्हणजे चेक आणि वेल्शमधले दोन ‘तो’ हुबेहूब दिसूनही परके, आणि वेल्श छप्पर व आपला ठग मात्र बहुधा एका रक्ताचे. व्युत्पत्ती नुसत्या कानावर का सोपवू नये, याचं इतकं स्वच्छ उदाहरण क्वचित सापडतं.

शिवाय हा वेल्श शब्द एका रूपात थांबतही नाही. ‘त्याचं छप्पर’ म्हणताना त्याचा ‘दो’ होतो, ‘तिचं छप्पर’ म्हणताना ‘थो’ आणि ‘माझं छप्पर’ म्हणताना ‘न्हो’. ‘त्याचं’ आणि ‘तिचं’ यांना वेल्शमध्ये एकच शब्द आहे. छप्पर कुणाचं ते पुढच्या शब्दाच्या पहिल्या व्यंजनावरून कळतं. याच ‘तो’चा आणखी एक अर्थ पिढी. तरुण पिढीला वेल्शमध्ये तरुण ‘तो’ म्हणतात.

व्हिएतनामी भाषा ऑस्ट्रोएशियाटिक कुळातली. आपल्या मेळघाटातली कोरकू त्याच कुळाच्या मुंडा शाखेची, पण नातं फार लांबचं. व्हिएतनामीतला ‘तो’ घराला लावला तर मोठं घर, बोलण्याला लावला तर मोठ्याने बोलणं. उच्चारात ओ जरा उघडा, ‘तॉ’कडे झुकणारा, आणि सूर सपाट. डोक्यावर एखादं चिन्ह आलं की शब्दच बदलतो. ओवर टोपी चढवली तर अर्थ होतो मोठा वाडगा.

हा शब्द रोमन अक्षरांत आला कसा, हा भाग मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. आधी व्हिएतनामी लिहिली जाई ती चिनी धर्तीच्या चित्राक्षरांत. सतराव्या शतकात फ्रान्सिस्को द पिना आणि इतर जेझुइट मिशनऱ्यांनी ती रोमन लिपीत, बरीचशी पोर्तुगीज वळणाने, लिहायला सुरुवात केली. त्यांच्या कामाच्या आधारावर अलेक्झांडर द ऱ्होड या जेझुइटाने व्हिएतनामी-पोर्तुगीज-लॅटिन शब्दकोश सिद्ध केला आणि तो १६५१ मध्ये रोममध्ये छापला गेला. हा ऱ्होड १६१९ मध्ये लिस्बनहून निघाला आणि मकावला पोहोचण्याआधी काही काळ गोव्यात, साष्टीत राहिला. त्याच साष्टीत, रायतूरला, फादर स्टीफन्स यांचं मराठी ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये रोमन लिपीत छापलं गेलं होतं. पूर्वेकडची भाषा रोमन अक्षरांत बसवण्याचा उद्योग तिथे आधीपासून चालू होता.

व्हिएतनाममध्ये ही लिपी सर्वांची व्हायला पुढे अडीचशेहून अधिक वर्षं गेली. चित्राक्षरांवर आधारलेली शेवटची राजपरीक्षा ह्वे शहरात १९१९ मध्ये झाली.