‘चिकुनगुन्या’ : नावामागची पार्श्वभूमी

२००६ च्या साथीत मराठवाड्यातील अनेकांनी या आजाराचे नाव प्रथमच ऐकले आणि ते कानावर पडले तसे, म्हणजे ‘चिकनगुनिया’ असे, बोलण्यात रूढ झाले. त्याच वर्षी फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे बर्ड फ्लू आढळून लाखो कोंबड्या माराव्या लागल्या होत्या. त्यातच नावात ‘चिकन’ ऐकू आल्याने हा तापही कोंबडीपासून येतो, असा समज पसरला. वास्तविक या नावाचा कोंबडीशी काडीचाही संबंध नाही.

हे नाव पूर्व आफ्रिकेतील आहे. १९५२-५३ मध्ये तत्कालीन टांगानिकाच्या (आजच्या टांझानियाच्या) दक्षिणेकडील नेवाला परिसरात, माकोंडे पठारावर, सांधे जखडून टाकणाऱ्या तापाची साथ आली आणि तेथील लोक त्या तापाला जे म्हणत, तेच नाव संशोधकांनी विषाणूला दिले. पुढे कित्येक ग्रंथांत तो शब्द स्वाहिली असल्याचे छापले गेले व आजही छापले जाते. ते चूक आहे. शब्द माकोंडे भाषेतला असून ‘आक्रसणे, वाकडे होणे’ अशा अर्थाच्या क्रियापदापासून तो बनला आहे. रुग्ण वेदनेने वाकून चालतो, हे या नावाने नेमके सांगितले आहे. त्या पठारावर पाण्याचे दुर्भिक्ष असल्याने लोक घरात पाणी साठवून ठेवत आणि अशाच साठ्यांत हा ताप पसरवणारे डास वाढत, ही बाब मराठवाड्याच्या वाचकाला वेगळी समजावून सांगावी लागणार नाही.

खरा गुंता आहे तो ‘डेंग्यू’ या नावाशी. १८२३ मध्ये झांझिबारला आणि १८२७-२८ मध्ये कॅरिबियन बेटांवर आलेल्या साथींतून ‘डेंग्यू’ हा शब्द वैद्यकात रूढ झाला. त्याचे मूळ अचानक आचके आणणाऱ्या तापाच्या ‘की डिंगा पेपो’ या स्वाहिली नावात असल्याचे मानले जाते. मात्र त्या साथींच्या जुन्या वर्णनांत रुग्ण बरा झाल्यावरही सांधेदुखी दीर्घकाळ रेंगाळल्याचा उल्लेख येतो, आणि हे लक्षण आजच्या डेंग्यूपेक्षा चिकुनगुन्याचे अधिक आहे. म्हणून १९७१ मध्ये असे मत मांडले गेले की, ज्या आजारासाठी ‘डेंग्यू’ हे नाव प्रचारात आले तो बहुधा चिकुनगुन्या होता आणि नाव मात्र नंतर दुसऱ्याच विषाणूला चिकटले. त्या काळचे रक्तनमुने उपलब्ध नसल्याने हा वाद कायमचा मिटणे अवघड आहे. तरीही लक्षणांचा पुरावा या मताच्याच बाजूने झुकतो, हे मान्य करावे लागते.

भारतात हा विषाणू १९६३ मध्ये कोलकात्यात ओळखला गेला. १९७३ मध्ये उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्याला लागूनच असलेल्या बार्शीत मोठी साथ आली आणि त्यानंतर सुमारे तीन दशके तो जवळजवळ विस्मरणात गेला. २००५ च्या अखेरीस तो परतला तेव्हा जुन्या आशियाई प्रकाराऐवजी आफ्रिकी प्रकार आढळला; २००६ मध्ये देशभरात १३ लाखांहून अधिक संशयित रुग्णांची नोंद झाली. ताप चार-पाच दिवसांत उतरे, पण सांधे धरलेले राहत. सकाळी उठल्यावर मूठ वळत नसे, आणि भाकरी थापणाऱ्या बाईला परातीसमोर उकिडवे बसताही येत नसे. आठ-दहा दिवसांनी नळाला येणारे पाणी ज्या रांजणांत आणि ड्रमांत भरून ठेवावे लागे, त्यांच्याच ओल्या कडांवर हा आजार पसरवणारा एडिस डास अंडी घालत होता.

आज शासकीय फलकांवर ‘चिकुनगुन्या’ आणि ‘चिकनगुनिया’ ही दोन्ही रूपे दिसतात. मूळ उच्चाराला जवळचे आणि कोंबडीचा गैरसमज टाळणारे पहिलेच रूप सर्वत्र वापरले जावे. दोन आजारांच्या नावांचा गुंता मात्र रुग्णाच्या दृष्टीनेही महत्त्वाचा आहे, कारण दोन्ही एकाच डासामुळे पसरतात आणि सुरुवातीला सारखेच दिसतात. डेंग्यूत रक्तस्रावाचा धोका असल्याने, तो नाही याची खात्री होईपर्यंत सांधेदुखीवर अ‍ॅस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन न देता पॅरासिटामॉलच दिले जाते.