बेडफर्ड ड्यूकचा कानालेत्तो-संग्रह

इटालियन चित्रकार कानालेत्तो (१६९७–१७६८) याने चौथा बेडफर्ड ड्यूक जॉन रसेल (१७१०–१७७१) याच्यासाठी १७३० च्या दशकात रंगवलेली व्हेनिसची २४ तैलचित्रे. ती इंग्लंडमधील वोबर्न ॲबी या रसेल घराण्याच्या प्रासादात आहेत. अठराव्या शतकात सरदार-उमरावांसाठी रंगवलेल्या नगरदृश्यांचे असे अनेक संच पुढे वारसाहक्काने विभागले गेले किंवा लिलावात विखुरले. हा मात्र अजून त्याच घराण्याकडे अखंड आहे. एखाद्या धनिकाने एका शहरातले नेमके काय पाहायला मागितले आणि चित्रकाराने ते कसे पुरवले, हे इथे सलग पाहता येते, आणि संग्रहाचे खरे मोल त्यातच आहे.

शहराचे ओळखू येईल असे, वास्तूंच्या तपशिलांसह काढलेले दृश्य म्हणजे ‘वेदुता’. इंग्रज उमरावांची मुले शिक्षणाचा शेवटचा टप्पा म्हणून युरोपचा लांब प्रवास करीत. त्यात इटली अटळ असे, आणि परतताना पाहिलेल्या शहराची चित्रे सोबत न्यावीत अशी हौसही असे. व्हेनिसमध्ये या प्रकाराला बाजार मिळाला तो मुख्यतः अशा परदेशी गिऱ्हाइकांमुळे. कानालेत्तोचे मूळ नाव जोव्हान्नी आंतोनियो कानाल. त्याचे वडील नाटकांचे पडदे रंगवीत आणि त्याची उमेदवारीही तिथेच झाली. लांबवर जाणाऱ्या इमारतींच्या रांगा बेतशीर उभ्या करण्याचे त्याचे कसब रंगभूमीवरचे आहे.

१७३१ मध्ये जॉन रसेल व्हेनिसमध्ये होता, तेव्हा तो ड्यूक नव्हता, घराण्यातला धाकटा मुलगा होता. पुढच्याच वर्षी थोरला भाऊ निपुत्रिक वारला आणि पदवी, जमिनी व लंडनमधली मिळकत त्याच्याकडे आली. लंडनचे कॉव्हेंट गार्डन तेव्हा रसेलांचेच होते. तिथला इटालियन धाटणीचा चौक त्याच्या पूर्वजाने, चौथ्या अर्लने, १६३० च्या दशकात वास्तुकार इनिगो जोन्सकडून उभारून घेतला होता. शंभर वर्षांनी त्याच घराण्यातल्या माणसाने सान मार्कोचा, म्हणजे व्हेनिसचा मुख्य, चौक कॅनव्हासवर मागवावा, ही संगती मला लक्षणीय वाटते.

व्यवहार झाला तो जोसेफ स्मिथच्या मध्यस्थीने. हा इंग्रज व्यापारी व्हेनिसमध्ये स्थायिक झालेला होता आणि पुढे १७४४ मध्ये तिथला ब्रिटिश कॉन्सल झाला. प्रवासी त्याच्या घरी भिंतीवरची चित्रे पाहत आणि तशीच मागवीत. त्याने आंतोनियो व्हिसेंतिनीकडून कानालेत्तोच्या दृश्यांची कोरीव छापचित्रे करवून १७३५ मध्ये प्रसिद्ध केली. म्हणजे गिऱ्हाइकाच्या हाती जणू नमुन्यांची वहीच आली.

२४ पैकी २२ चित्रे लहान आहेत, साधारण ४७ सेंमी. उंच व ८० सेंमी. रुंद. उरलेली दोन भव्य आहेत: एकात सान मार्कोसमोरचे विस्तीर्ण पाणी, दुसऱ्यात ग्रँड कॅनॉल या शहराच्या मुख्य कालव्यावरची होड्यांची शर्यत. शर्यतीच्या चित्रात डावीकडे पाण्यावर उभारलेला सजवलेला मांडव दिसतो. विजेत्यांना निशाणे तिथे मिळत. लहान चित्रांत रिआल्तोचा पूल आहे, नौदलाच्या गोदीचे प्रवेशद्वार आहे, आणि सांता मारिया फोर्मोझासारखा वस्तीतला साधा चौकही आहे. माझ्या मते कानालेत्तो सर्वांत मोकळा होतो तो अशा चौकातच. गिलावा उडालेल्या भिंती आणि उन्हात थबकलेली माणसे तो राजवाड्याइतक्याच आस्थेने रंगवतो. जवळ गेल्यावर ही माणसे म्हणजे रंगाचे दोन-चार ठिपके उरतात. दोन पावले मागे सरताच कोण ओझे वाहतो आहे, कोण गप्पा मारतो आहे, ते कळते.

ही दृश्ये हुबेहूब आहेत असा समज आहे, तो अर्धाच खरा. कानालेत्तो जागेवर रेखाटने करी. त्याची एक वही व्हेनिसच्या अकादेमिया संग्रहालयात आहे. पण चित्रशाळेत तो दोन वेगळ्या जागांवरून दिसणारे भाग एकत्र जुळवी, कालव्याचे वळण सैल करी, एखादा घुमट सरकवी. उमरावाला आठवणीतले व्हेनिस हवे होते आणि आठवणीत सगळे एकाच नजरेत मावते. ऊन स्वच्छ, पाणी शांत, हेही त्याच मागणीचे फळ.

या आश्रयाची दुसरी बाजूही होती. १७४० मध्ये ऑस्ट्रियाच्या वारसायुद्धाला तोंड फुटले, प्रवासी रोडावले आणि १७४६ मध्ये चित्रकार स्वतःच गिऱ्हाइकांच्या देशी, लंडनला गेला. मधल्या एका व्हेनिसभेटीचा अपवाद वगळता १७५५ पर्यंत तो तिथेच होता. खुद्द व्हेनिसच्या कला अकादमीने त्याला सदस्यत्व दिले ते १७६३ मध्ये, आणि तेही एकदा नाकारल्यावर. नगरदृश्य हा तिच्या लेखी खालच्या दर्जाचा प्रकार होता. सप्तवार्षिक युद्ध संपवणाऱ्या, त्याच वर्षीच्या पॅरिस तहाच्या वाटाघाटी ब्रिटनतर्फे ड्यूकने केल्या. पुद्दुचेरी फ्रेंचांना परत मिळाली ती याच तहाने.

बेडफर्ड एकटा नव्हता. व्हेनिसच्या सेवेतील फील्डमार्शल शुलेनबर्गनेही कानालेत्तोकडून चित्र घेतले; रिव्हा देल्यी स्क्याव्होनी या व्हेनिसच्या धक्क्याचे ते दृश्य आज लंडनच्या सोन संग्रहालयात आहे. कानालेत्तोचा भाचा बेलोत्तो याला ड्रेस्डेन आणि वॉर्सा इथे राजाश्रय मिळाला. दुसऱ्या महायुद्धात बेचिराख झालेले वॉर्सा पुन्हा उभारताना त्याची चित्रे वास्तुकारांच्या उपयोगी पडली.

ड्यूकची चित्रे आधी लंडनमधील बेडफर्ड हाउसमध्ये होती. ते घर १८०० मध्ये पाडल्यावर ती वोबर्नला गेली आणि तिथल्या भोजनगृहात एकावर एक ओळींत टांगली गेली. त्यामुळे वरच्या ओळीतली माणसे खालून नीट दिसत नसत. वोबर्नच्या दुरुस्तीच्या काळात, २०२२ मध्ये, सगळी २४ चित्रे ग्रिनिचच्या राष्ट्रीय सागरी संग्रहालयात मांडली गेली, तेव्हा ती प्रेक्षकांना डोळ्यांच्या उंचीवर पाहता आली.