वेल्विया ५०: जुनी आरव्हीपी आणि नवी आरव्हीपी५०

बेळगाव-निपाणीकडच्या जुन्या स्टुडिओंची कपाटं आवरताना फुजीक्रोम वेल्विया या फुजीच्या रंगीत स्लाइड फिल्मचे रोल हाती लागले, की आधी खोक्यावरचा कोड वाचावा. नुसतं ‘आरव्हीपी’ असेल तर ती १९९० साली बाजारात आलेली मूळ फिल्म. ‘आरव्हीपी५०’ ही २००७ मध्ये नव्याने बनवलेली. कच्चा माल मिळणं अवघड झाल्याने फुजीने मूळ फिल्म बंद केली होती. फोटोग्राफरांनी मागणी लावून धरली, तेव्हा ती परत आली.

कागदावर दोघींत फरक जवळजवळ नाहीच. वेग आयएसओ ५०, ग्रेनचा (चित्रातल्या कणांचा) आरएमएस आकडा ९ (जितका कमी तितके कण बारीक), धुण्याची प्रक्रिया ई-६. तरीही लाइटबॉक्सवर, म्हणजे खालून उजेड देणाऱ्या पेटीवर, शेजारी ठेवल्या तर आज जुनीचा काळा रंग फिका, तांबूस दिसतो आणि रंगांचा तोल ढळलेला असतो. हा दोष सूत्राचा नव्हे, वयाचा. जुनीची मुदत संपून दीड दशक उलटलं आहे. साठवणीत धुकं चढलं, म्हणजे प्रकाश न लागताही फिल्म थोडी एक्स्पोज झाल्यासारखी झाली, की स्लाइडमध्ये सावल्याच पातळ होतात, कारण इथे प्रतिमा थेट पॉझिटिव्ह असते. म्हणून ‘दर दहा वर्षांना एक स्टॉप (म्हणजे दुप्पट प्रकाश) जास्त’ हा निगेटिव्हचा नियम इथे लावू नये; जास्त प्रकाशाने ती आणखी पातळ होते. रोल फ्रीजरमध्ये राहिला असेल तर आयएसओ ५० किंवा ४० वरच वापरावा. उन्हाळे कपाटात काढलेल्या रोलवर लग्नकार्याचं काम घेऊ नये.

खरा वेगळेपणा हवा असेल तर तो वेल्विया १०० मध्ये, म्हणजे आरव्हीपी१०० मध्ये आहे. ग्रेन बारीक (आरएमएस ८), पण लाल रंग जास्त चढतो. खानापूरची तांबडी माती त्यात भडक होते, चेहरे लालबुंद होतात. जांबोटीच्या हिरव्यागार भातशेतीला आणि सौंदत्तीच्या भंडाऱ्याच्या पिवळ्याला आमची पसंती ५० लाच. चेहऱ्यांसाठी मात्र वेल्वियाच नको, फुजीचीच दुसरी स्लाइड फिल्म, प्रोव्हिया १००एफ, घ्यावी.

राजहंसगडावर सूर्य बुडाल्यानंतर किंवा गोकाकच्या धबधब्यावर लांब एक्स्पोजर देताना ५० आणि १०० मधला फरक कळतो. आरव्हीपी५० ला एक सेकंदापर्यंत काही दुरुस्ती करावी लागत नाही. मीटरने ४ सेकंद दाखवले तर लेन्सचं छिद्र एक तृतीयांश स्टॉप उघडा आणि ५एम (फिका मॅजेंटा) फिल्टर लावा. ८ ला अर्धा स्टॉप आणि ७.५एम, १६ ला दोन तृतीयांश आणि १०एम, ३२ ला पूर्ण स्टॉप आणि १२.५एम. फिल्टर न लावल्यास सावल्या हिरवट येतात. ६४ सेकंदांचं एक्स्पोजर फुजी सुचवतच नाही. वेल्विया १०० मात्र एक मिनिटापर्यंत दुरुस्तीशिवाय चालते.

पावसाळ्यात चोर्ला घाटाकडे निघताना फ्रिजमधला रोल किमान ३ तास, फ्रीजरमधला ६ तास आधी बाहेर काढावा, आणि खोलीच्या तापमानाला येईपर्यंत सील फोडू नये. नाहीतर इमल्शनवर, म्हणजे फिल्मच्या प्रकाशसंवेदी थरावर, दव धरतं.