दारूची टंचाई आणि सरकीवरची लव

आमचा मावसभाऊ टेक्सासला असतो, मूळचा सेलूचा, तिकडं जाऊन पंधरा वर्षं झाली. मागच्या दिवाळीत व्हिडिओ कॉलवर म्हणाला, "दादा, इकडं दारूची लई टंचाई चालू आहे." मागं आई वाती वळत बसली होती, तिनं कपाळाला हातच लावला. मग त्याला ओरडून सांगावं लागलं की मावशी ती दारू नाही, बंदुकीची. आता आपल्या भाषेतच घोळ आहे त्याला कोण काय करणार, प्यायची ती दारू, फटाक्यातली शोभेची दारू, विहिरीच्या सुरुंगात ठासतात ती पण दारू आणि तोफेतली पण दारूच.

तर भाऊला पिस्तूल शूटिंगचा नाद आहे आणि तिकडं लोक काडतुसं घरी परत भरतात, त्याला रिलोडिंग म्हणतात. काडतुसाचे भाग चारच. पितळेची पुंगळी, तिच्या बुडाला ठिणगी पाडणारा प्रायमर, आत दारू आणि तोंडाला गोळी. बार उडाला की पितळी पुंगळी तशीच शिल्लक राहते आणि महाग भाग तोच असतो, म्हणून ती साफ करून परत वापरतात. आपल्याकडं हा विषयच नाही, १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणं लायसन्सशिवाय काडतूस बनवणं गुन्हा आहे, त्यामुळं हे वाचून कुणी घरी उद्योग करायला जाऊ नका. मला त्याच्या नादात तसा इंटरेस्ट नव्हता. पण टंचाई कशामुळं आली हे त्यानं सांगायला सुरुवात केली आणि मधेच "कॉटन लिंटर" असा शब्द वापरला, तिथं माझे कान टवकारले, कारण लिंटर म्हणजे आपल्या सरकीवरची लव.

ज्यांच्या घरी कापूस आहे त्यांना हे लगेच कळेल. जिनिंगमधे कापसाची रुई वेगळी निघते आणि सरकी वेगळी पडते, पण ती सरकी काही गुळगुळीत नसते, तिच्यावर बारीक करड्या-पांढऱ्या केसांची लव तशीच चिकटून राहते. लांब धागा मशीननं ओढून घेतला तरी हे आखूड केस सुटत नाहीत. बीटीची पाकिटं यायच्या आधी आमचे आजोबा पेरणीच्या आदल्या दिवशी सरकी शेण-मातीच्या काल्यात घोळायचे, बाजेवर चोळायचे आणि मग वाळवायचे, मी लहानपणी त्यात हात घालून बसायचो आणि आईचा मार खायचो. ते कशासाठी तर ह्या लवेमुळं सरकीला सरकी चिकटते, मुठीतून एकेक दाणा सुटत नाही, शेणानं ती लव चापून बसायची. आता जालन्याच्या कंपन्या बियाणं आम्लानं धुऊन देतात म्हणून पाकिटातली सरकी गुळगुळीत असते. म्हणजे जी लव आपण शेणानं दाबली, आम्लानं जाळली, तिच्यावाचून तिकडं अख्ख्या युरोपच्या तोफा अडल्यात.

ते कसं ते बघू. कापसाचा धागा म्हणजे जवळपास निव्वळ सेल्युलोज, नव्वद टक्क्याच्या वर. लाकडात तेच चाळीस-पंचेचाळीस टक्के, बाकी लिग्निन आणि इतर भानगडी. या सेल्युलोजवर नायट्रिक आम्लाची प्रक्रिया झाली की नायट्रोसेल्युलोज तयार होतं. दिसायला कापूसच, पण त्याच्या रेणूतच ऑक्सिजन बांधलेला असल्यामुळं जळायला बाहेरची हवा लागत नाही. नायट्रोजनचं प्रमाण कमी असेल तर तेच नेलपॉलिशमधे, छपाईच्या शाईत, फर्निचरच्या लॅकरमधे जातं (टेबल टेनिसचे जुने सेल्युलॉइडचे बॉल पण याच खानदानातले, २०१४ नंतर ते प्लॅस्टिकचे झाले) आणि जास्त असेल तर बंदुकीच्या दारूत.

याचा शोध लागला १८४५-४६ मधे, स्वित्झर्लंडच्या बाझेल शहरात, ख्रिस्टियान शोनबाइन नावाच्या प्रोफेसरकडून. गोष्ट अशी सांगतात की बायको घरी नसताना त्यानं स्वयंपाकघरात प्रयोग केला, आम्ल सांडलं, गडबडीत बायकोच्या सुती एप्रनानं पुसलं, तो शेगडीवर वाळत टाकला आणि एप्रन भप्पकन गायब. खरी-खोटी त्यालाच माहीत. पण लोकांनी घाईघाईत कारखाने टाकले आणि १८४७ च्या जुलैत इंग्लंडच्या फॅव्हरशॅमला असा एक कारखाना उडाला, वीसच्या आसपास माणसं गेली. आतल्या पोकळ धाग्यात आम्ल अडकून राहायचं आणि माल आपोआप सडून पेट घ्यायचा, हे कळायला आणि त्यावर इलाज सापडायला पुढं अठरा-वीस वर्षं गेली. मग १८८४ मधे फ्रान्सच्या पॉल व्हिएइनं त्याला जेलीसारखं करून पातळ पापुद्रे पाडले आणि बिनधुराची दारू जन्माला आली. त्याआधीची काळी दारू म्हणजे सोरा, कोळसा आणि गंधक, तिचं निम्म्याहून जास्त वजन धूर आणि काजळी होऊन बाहेर पडायचं. दौलताबादच्या किल्ल्यावर मेंढा तोफ बघितली असेल, किंवा विजापूरची मलिक-ए-मैदान, जी १६३२ मधे तिकडं जायच्या आधी आपल्या परांड्याच्या किल्ल्यावर होती, ह्या सगळ्या काळ्या दारूच्या तोफा.

टंचाई त्या काळात पण असायची, फक्त सोऱ्याची. जुन्या भिंतीला लोणा येतो ना, गोठ्याच्या बाजूला तर हमखास, तसल्याच खारवट मातीतून सोरा काढायचे. बिहारमधे नोनिया समाजाचा तो पिढीजात धंदा आणि ईस्ट इंडिया कंपनी तो जहाजं भरभरून न्यायची. फ्रान्समधे क्रांतीच्या वेळी सोरा मिळेना तेव्हा लोकांच्या घरांची तळघरं खरवडली.

पहिल्या महायुद्धात तर मजाच झाली. ब्रिटननं ऑगस्ट १९१५ मधे जर्मनीकडं जाणारा कापूस युद्धसामग्री ठरवून अडवला, कापूस नाही म्हणून जर्मनांनी लाकडाच्या लगद्यावर दारू बनवायला घेतली आणि भागवलं. ब्रिटनची अडचण वेगळी होती, कॉर्डाइट नावाची त्यांची दारू बनवायला ॲसिटोन लागायचं आणि ते पुरेना. तेव्हा हाइम वाइझमन या केमिस्टनं एका जिवाणूकडून मका आंबवून ॲसिटोन काढायची पद्धत बसवली (हाच माणूस पुढं इस्रायलचा पहिला राष्ट्राध्यक्ष झाला). १९१७ मधे मका पण कमी पडायला लागला तर शाळेच्या पोरांना हॉर्स चेस्टनटच्या बिया गोळा करायला लावल्या, आपली पोरं उन्हाळ्यात लिंबोळ्या वेचतात अगदी तसं, आणि कशासाठी ते काही सांगितलं नाही. ढिगाने बिया जमल्या, स्टेशनांवर सडल्या आणि हाती फारसं ॲसिटोन लागलं नाही, ती गोष्ट वेगळी.

आता आजच्या टंचाईकडं. अमेरिकेत २०२० मधे कोविडमुळं लोकांनी बंदुका आणि काडतुसं झपाटून खरेदी केली, तो पहिला फटका. ते जरा निवळतंय तोवर २०२२ मधे युक्रेनचं युद्ध पेटलं. आता एक हिशोब बघा. पिस्तुलाच्या एका काडतुसाला पाव ग्रॅमहून थोडी जास्त दारू लागते, चिमटीपेक्षा कमी, एका पौंडाच्या डब्यात हजाराच्या वर काडतुसं निघतात. आणि १५५ मिलिमीटरच्या तोफेचा एक गोळा पूर्ण ताकदीनं लांब टाकायचा तर मागं दहा-बारा किलो. तोफेचा मसाला वेगळा असतो हे खरं, पण त्याच्या मुळाशी पण नायट्रोसेल्युलोजच. म्हणजे तिकडं तोफेचा एक बार म्हणजे भाऊच्या पिस्तुलाचे तीस-चाळीस हजार बार. त्यात अमेरिकन सैन्यासाठी नायट्रोसेल्युलोज बनवणारा मुख्य कारखाना म्हणजे व्हर्जिनियातला रॅडफर्डचा, तोही १९४१ पासूनचा. सरकारी ऑर्डरीपुढं हौशी गिऱ्हाइकाचा नंबर कधी लागणार? २०२४ मधे दारू विकणाऱ्या कंपन्यांनी भाव वाढवले, काहींनी किरकोळ डबे पाठवणंच थांबवलं. भाऊ म्हणतो तीस डॉलरच्या आत मिळायचा तो डबा आता पन्नासच्या घरात, आणि तोही मिळाला तर.

आणि युरोपची नस चीनच्या हातात. लिंटरच्या बाजारात चीन मोठा, राइनमेटाल या तोफगोळे बनवणाऱ्या जर्मन कंपनीच्या प्रमुखानं २०२४ मधे सांगितलं होतं की युरोप सत्तर टक्क्याहून जास्त लिंटर चीनकडून घेतो. लाकडाच्या लगद्यावर परत जाता येतं, जर्मनांनी शंभर वर्षांपूर्वी केलंच होतं, पण दारूचा प्रत्येक लॉट एकसारखा जळावा लागतो आणि कच्चा माल बदलला की सगळी टेस्टिंग पहिल्यापासून.

एकसारखं जळणं का महत्त्वाचं? मला आधी वाटायचं दारू म्हणजे दारू, एक नाही मिळाली तर दुसरी वापरा. भाऊला तसं म्हणलं तर तो चिडलाच. बिनधुराची दारू एकदम फुटत नाही, ती दाण्याच्या पृष्ठभागावरून आत जळत जाते, त्यामुळं दाणा केवढा आणि कसल्या आकाराचा यावर सगळा खेळ. चुलीत पऱ्हाट्या घातल्या की भडका उडतो आणि विझतात, बाभळीचं लाकूड घातलं तर तासभर धुमसतं, वजन दोन्हीचं एकच असलं तरी. पिस्तुलाची नळी इवलीशी, दहा-बारा सेंटिमीटर, गोळी बाहेर पडायच्या आत सगळं जळून व्हायला पाहिजे म्हणून तिची दारू पऱ्हाटीच्या जातीची, पातळ चकत्या नाहीतर बारीक दाणे. रायफलची नळी लांब, तिला बाभळीचं लाकूड. आता रायफलच्या दारूच्या मापानं पिस्तुलात ही पऱ्हाटीच्या जातीची दारू कोंबली तर? गाडीच्या टायरात बत्तीस-तेहतीस पीएसआय हवा असते, ९ एमएमच्या काडतुसात जास्तीत जास्त पस्तीस हजार पीएसआय चालतं, हजारपट, आणि हे सगळं तळहातात धरलेल्या लोखंडाच्या तुकड्यात. त्याच्या फार वर गेलं की पिस्तूल हातात फुटू शकतं. म्हणून कुठल्या काडतुसाला कुठली दारू किती घालायची याचे छापील तक्ते असतात, त्यात त्या दारूचं नाव असेल तरच ती वापरायची, "ही पण तशीच दिसते" हा प्रकार चालत नाही, दोन वेगळ्या दारू एकत्र तर नाहीच नाही.

मग हे लोक भागवतात कसं? एकाच ब्रँडवर अडून न बसता तक्त्यात बसणाऱ्या चार-पाच दारूंपैकी जी मिळेल ती घेतात. कमी मापात काम होणारी झटपट जळणारी दारू निवडतात, म्हणजे डबा जास्त दिवस पुरतो. चौघं मिळून मोठा आठ पौंडी डबा मागवतात. आणि सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे बारच न काढणं, रिकाम्या पिस्तुलानं नेम धरून नुसता घोडा ओढायचा सराव, किंवा एअर पिस्तूल. यात कमीपणा काही नाही, २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमधे मनू भाकरनं दोन ब्राँझ आणले ते दोन्ही १० मीटर एअर पिस्तुलात, तिथं दारूचा कणसुद्धा लागत नाही. पॉइंट टू टू (.२२) या छोट्या काडतुसात मात्र परत भरायची सोय नाही, कारण तिचा प्रायमरचा मसाला पुंगळीच्या काठातच भरलेला असतो आणि काठ एकदा चेपला की संपलं.

साठा करून ठेवणारे पण आहेत, सोयाबीनचा भाव वाढेल म्हणून पोती ठेवणारे आपल्याकडं असतात तसेच. पण नायट्रोसेल्युलोज मुळातच अस्थिर, ते वर्षानुवर्षं हळूहळू विघटन पावतं, त्यातून नायट्रोजनचे आम्लधर्मी वायू निघतात आणि ते वायू विघटन आणखी वाढवतात. ते शोषून घ्यायला दारूत डायफिनाइलअमाइनसारखा स्टॅबिलायझर घालतात, तो संपला की डबा उघडल्यावर आंबूस वास येतो, कधी तांबूस धूर. उष्णतेत हे सगळं भरभर होतं, आमच्या परभणीच्या ४४ डिग्रीत पत्र्याच्या खोलीत ठेवायचा हा माल नाही. फ्रान्सच्या आरमारानं हे लई महागात शिकलं, तूलाँ बंदरात १९०७ मधे इएना नावाची युद्धनौका उडाली आणि १९११ मधे लिबर्ते, दोन्ही आपल्याच कोठारातल्या जुन्या दारूनं, शत्रू आसपास नसताना. चारशेच्या घरात माणसं मेली.

मला मात्र हे सगळं ऐकताना आपला हिशोब सुटत नव्हता. सरकीच्या वजनात साधारण आठ टक्के लिंटर निघू शकतं. आपल्याकडच्या बहुतेक तेलगिरण्या ते काढतच नाहीत, सरकी लवेसकट घाण्यात जाते आणि लव पेंडीत. काढायची तर वेगळी डिलिंटिंगची मशिनरी पाहिजे, शिवाय माल स्वच्छ पाहिजे, आणि आपल्या कापसात वेचणीच्या खताच्या गोणीचे धागे, गुटख्याची पुडी, केस, काय काय निघतं ते जिनिंगवाल्यांना विचारा. मागच्या साली मी गाडी घेऊन गेलो तर एका जिनिंगवर ओलावा-कचरा म्हणून क्विंटलमागं कट्टी लावली, भांडलो, उपयोग झाला नाही, पण गोणीचे धागे निघाले हे काही मला नाकारता आलं नाही. कच्चा माल दारात आणि कारखाने पण लांब नाहीत, भंडाऱ्याला आयुध निर्माणीत दारू बनते, वरणगावला काडतुसं.

परवा भाऊला तळहातावर सरकी घेऊन फोटो पाठवला, खाली लिहिलं, ही बघ तुझी टंचाई. त्यानं तो रेंजवरच्या गोऱ्या मित्राला दाखवला. त्याचा लगेच प्रश्न, एवढी ढिगानं आहे तर तुमचे लोक याचं करतात काय? भाऊनं मला विचारलं, काय सांगू त्याला. म्हणलं खरं ते सांग, म्हशीला घालतो.